झ्वा द व्हिव्र

झ्वा द व्हिव्र : जगण्याचा ओसंडून वाहणारा आनंद दर्शविणारी मूळ फ्रेंच संज्ञा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती इंग्रजीतही जशीच्या तशी वापरली जाते. खाणेपिणे, गप्पागोष्टी, नृत्य, प्रेम, मोकळी हवा अशा साध्या अनुभवांत मनापासून रमणाऱ्या माणसाच्या वागण्याबोलण्यात जे चैतन्य दिसते, त्याचा बोध तिने होतो. यश किंवा लाभ यांमुळे होणारा आनंद कारणापुरता टिकतो. ही वृत्ती मात्र जिवंत असण्यातूनच उपजते. म्हणून चैनविलासाशी तिची सांगड घालणे योग्य नाही.

या कल्पनेचा सर्वांत सखोल विचार दुःखाच्या सान्निध्यात झाला, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. फ्रेंच कादंबरीकार एमील झोला (१८४०–१९०२) याने ‘रूगाँ-माकार’ या वीस कादंबऱ्यांच्या मालेतील बाराव्या कादंबरीला हेच नाव दिले. तिचा आराखडा तो करीत होता त्याच १८८० साली त्याची आई आणि त्याचा ज्येष्ठ स्नेही गुस्ताव्ह फ्लोबेर यांचे निधन झाले. लेखन मागे पडले आणि कादंबरी १८८४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एका गावात नातेवाइकांकडे वाढणारी अनाथ पोलीन हिचा वारसा घरच्यांच्या हातून हळूहळू संपतो, ज्याच्याशी लग्न ठरले तो लाझारही ती दुसरीच्या हाती सोपवते, आणि तरीही तिची जगण्याची ओढ ओसरत नाही. मृत्यूच्या भयाने पोखरलेल्या, कोणतेही काम तडीस न नेणाऱ्या लाझारसमोर तिचे हे बळ उठून दिसते. शीर्षकात उपरोध असल्याचे झोलाने स्वतः पत्रातून सांगितले आहे. परंतु पोलीनकडे पाहता ते सरळ अर्थानेही सार्थ ठरते. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हान गॉग याने वडिलांच्या मृत्यूनंतर, १८८५ मध्ये रंगविलेल्या स्थिरचित्रात उघड्या बायबलशेजारी, विझलेल्या मेणबत्तीसमोर याच कादंबरीची पिवळी, हाताळून जीर्ण झालेली प्रत ठेवली आहे.

चित्रकलेतही ही कल्पना दिसते. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस याच्या १९०५–०६ मधील, ‘ल बॉनर द व्हिव्र’ (जगण्याचे सुख) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रात निसर्गाच्या कुशीत पहुडलेल्या नग्न आकृती आणि दूरवर फेर धरणारा समूह आहे; पुढे त्या फेरातूनच त्याचे ‘नृत्य’ हे प्रख्यात चित्र साकारले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत पाब्लो पिकासोने १९४६ च्या शरद ऋतूत दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आंतीब येथील ग्रिमाल्दी गढीत काम केले. कॅनव्हास सहजी मिळत नसल्याने त्याने फायब्रोसिमेंटचे (तंतुमिश्रित सिमेंटचे) फलक वापरले. खंजिरी घेऊन नाचणारी तरुणी, वाद्य वाजविणारा अश्वमानव आणि उड्या मारणारी बकरी यांचे ‘ला झ्वा द व्हिव्र’ हे चित्र त्याच काळातील आहे. १९६६ मध्ये या गढीतील संग्रहालयाला पिकासोचे नाव देण्यात आले आणि हे चित्र त्याच संग्रहात आहे.