मॅच न होणं : अमेरिकन रेसिडेन्सीतले पुढचे पर्याय

अमेरिकेत एमडी किंवा डीओ (दोन्ही तिथल्या डॉक्टरकीच्या पदव्या) झालेल्याला, किंवा आपल्याकडून युएसएमएलईच्या (अमेरिकन डॉक्टरी लायसन्सची परीक्षा) स्टेप्स देऊन गेलेल्याला, मार्चच्या मॅचमध्ये कुठलीच रेसिडेन्सी सीट न मिळणं म्हणजे ‘अनमॅच्ड’ राहणं. रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं स्पेशालिटी ट्रेनिंग, आणि मॅच म्हणजे उमेदवारांच्या आणि हॉस्पिटल्सच्या पसंतीच्या याद्या (रँक लिस्ट) अल्गोरिदमने जुळवून सीट ठरवायची पद्धत. ऑर्थो, डर्मा, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक, ईएनटी अशा ब्रँचेसमध्ये भरपूर स्कोअरवाल्यांचंही हे होतं, कारण सीट्सच मोजक्या. ऑफ्थॅल आणि युरॉलॉजीची मॅच वेगळी, तिचा निकाल आधीच लागतो, त्यामुळे तिथे राहिलेल्याला मुख्य मॅचच्या लिस्टमध्ये दुसरं काही टाकायला थोडा वेळ उरतो.

दोष अल्गोरिदमचा का, हा वाद जुना आहे. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेची पहिली मॅच १९५२ ची. त्याआधी १९५१ च्या सुमारास जी पद्धत सुचवली होती तिच्यात खरी आवड वर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचंच नुकसान व्हायचं, म्हणून विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि पद्धत बदलून घेतली. पुढे १९६२ मध्ये गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे तेच गणित मांडलं, पण दोन्ही एकच आहेत हे अर्थशास्त्रज्ञ रॉथने १९८४ मध्ये दाखवेपर्यंत फारसं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर मतं वेगवेगळी आहेत. आमच्या मते विद्यार्थ्यांचा वाटा नेहमी कमी सांगितला जातो. जुनी पद्धत हॉस्पिटलच्या बाजूने झुकलेली आहे असा आरोप १९९५ च्या आसपास झाला, मग रॉथ आणि पेरॅन्सन यांनी उमेदवाराच्या बाजूने चालणारी रचना केली आणि ती १९९८ पासून वापरात आली. गंमत म्हणजे त्यांच्याच हिशेबात फरक पडणारे उमेदवार हजारात एखादाच निघाले. तेव्हा दोष अल्गोरिदमला देण्यापेक्षा सीट्सच्या संख्येला आणि आखूड रँक लिस्टला द्यावा हेच जास्त पटतं. खाली एखादी सेफ सीट लिहिली तर वरच्या सीटचा चान्स अजिबात कमी होत नाही, हे अजूनही कित्येकांना खरं वाटत नाही.

मॅच वीकच्या सोमवारी आपण अनमॅच्ड आहोत हे कळतं आणि लगेच सोप (SOAP, उरलेल्या सीट्स भरायची फेरी) सुरू होतं. २०१२ च्या आधी याला स्क्रॅम्बल म्हणायचे, फोन आणि फॅक्सवर नुसती झुंबड. आता उरलेल्या सीट्ससाठी जास्तीत जास्त ४५ प्रोग्रॅम्सना अर्ज करता येतो, स्वतःहून फोन करायचा नाही, समोरून आला तरच बोलायचं, आणि ऑफर राउंडमध्ये एकदा हो म्हटलं की तुम्ही बांधले गेलात. ऑर्थो-डर्माच्या सीट्स इथे जवळपास दिसतच नाहीत. दिसतात त्या मुख्यतः फॅमिली मेडिसिन आणि प्रिलिमिनरी (प्रिलिम, एका वर्षापुरत्या) सर्जरीच्या. २०२३ मध्ये इमर्जन्सी मेडिसिनच्या तब्बल ५५४ सीट्स रिकाम्या राहिल्या होत्या, पण तो अपवाद धरावा.

खरी ओढाताण प्रिलिम का रिसर्च इयर यातली. प्रिलिम म्हणजे एक वर्षाची इंटर्नशिप, पुढच्या वर्षाची हमी नाही, पगार आहे, सर्जन जवळून काम बघतात, कधीकधी मॅचबाहेर मधेच सुटलेली दुसऱ्या वर्षाची सीट हाती लागते. पण आठवड्याला ८० तासांपर्यंत ड्युटी करून पुन्हा अर्ज आणि इंटरव्ह्यू सांभाळणं जिकिरीचं. रिसर्च इयरमध्ये पेपर निघतात, त्या डिपार्टमेंटचं शिफारसपत्र मिळतं, पण हात क्लिनिकलमधून सुटतो आणि पगार मिळेलच असं नाही. ऑर्थोसारख्या ब्रँचला परत जायचं असेल तर ज्या डिपार्टमेंटमध्ये स्वतःचा रेसिडेन्सी प्रोग्रॅम आहे तिथेच रिसर्च करावं, नाहीतर पत्राला वजन येत नाही. काही कॉलेजेस ग्रॅज्युएशन एक वर्ष पुढे ढकलू देतात, कारण आधीच पास झालेल्या उमेदवाराचं मॅच होण्याचं प्रमाण फ्रेश सीनियरपेक्षा बरंच कमी असतं. फी मात्र भरावी लागते. दुसऱ्या खेपेला हवी ती ब्रँच आणि सोबत इंटर्नल मेडिसिन किंवा अॅनेस्थेशिया असा दुहेरी अर्ज करणारेही पुष्कळ.

भारतातून गेलेल्यांचं गणित वेगळं, कारण सीट नाही तर रेसिडेन्सीचा जे-१ व्हिसाही नाही. मग ऑब्झर्वरशिप (हॉस्पिटलमध्ये नुसतं बघून शिकणं), बऱ्याचदा बिनपगारी रिसर्च, नाहीतर परत येऊन नीट-पीजी.

रेसिडेन्सीशिवाय फार्मा, एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी), कन्सल्टिंग हे मार्ग असतात. मिझुरीने २०१४ मध्ये असिस्टंट फिजिशियनचा कायदा केला, त्यात रेसिडेन्सी न मिळालेला पदवीधर डॉक्टर दुसऱ्या फिजिशियनच्या कराराखाली, डॉक्टर कमी असलेल्या भागात प्रायमरी केअर करू शकतो. नंतर आणखी काही राज्यांनी असेच कायदे केले. हे काम रेसिडेन्सीत धरलं जात नाही.