उन्हाळ्यात दगड पाहायला निघताना

मार्च ते मे या महिन्यांतल्या आमच्या गोव्यातल्या सहलींसाठी ग्राहकांना माहिती

‘दगडच बघायचे तर हिवाळ्यात का नको?’ हा प्रश्न बुकिंगच्या वेळी हमखास येतो. पावसाळा सरला तरी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गवत आणि खडकांवर शेवाळ बराच काळ टिकून असतं. एप्रिलपर्यंत ते वाळतं, नद्यांचं पाणी उतरतं आणि खडक उघडे पडतात. दिसतं तेव्हाच चांगलं आणि तापतंही तेव्हाच. म्हणून या महिन्यांत आम्ही एका सकाळी एकच जागा करतो. ‘आलोच आहोत तर आणखी दोन उरकू’ असा आग्रह कृपया धरू नका.

गाडी पहाटे पाचला निघते, उजाडताना आपण जागेवर असतो आणि साडेनऊला सावलीत परततो. नागपूरकडचे पाहुणे गोव्याचं ३३-३४ अंश ऐकून हसतात. पण शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि इथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. त्यात सडा म्हणजे उघडा जांभा, झाडाचा पत्ता नाही. दहानंतर त्यावर हात टेकवत नाही.

पुण्या-नाशकाकडून येणाऱ्यांना आधीच सांगतो, इथे झिओलाइटचे चमकदार स्फटिक शोधू नका. ते तुमच्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडतात. दख्खनचा तो थर सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, आणि गोव्यात तो ईशान्य टोकालाच काय तो आला आहे. इथले बहुतेक खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने. अनमोड घाटातला नाइस (उष्णतेने आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक) तर सुमारे ३४० कोटी वर्षांचा मानला जातो. चमकणारे स्फटिक कमी, पण लोहखनिजाचे पट्टेदार दगड असे की पाहत राहावं: एक रेघ तांबडी, एक पोलादी करडी, कधी कागदाइतकी पातळ.

ओळखायला महागडी साधनं लागत नाहीत. बाथरूमच्या लादीचा एक तुकडा आणा आणि त्याच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासा. हेमटाइट हे लोहखनिज वरून काळपट दिसलं तरी रेघ विटकरी उमटते. मॅग्नेटाइट हेही लोहखनिजच, पण त्याची रेघ काळी, शिवाय त्याला चुंबक चिकटतं. पिवळट तपकिरी उमटली तर लिमोनाइट, म्हणजे गंजासारखं लोहखनिज. मँगनीजचं मऊ खनिज असेल तर लादीआधी बोटंच काळी होतात. गारगोटीची रेघ येत नाही, उलट तीच काचेवर ओरखडा काढते. मुलं यात तासभर रमतात, आणि हे सगळं आंब्याच्या सावलीत बसून करता येतं.

किनाऱ्याच्या सहलीची तारीख आम्ही भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून देतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी किनाऱ्यापासून जास्त मागे हटतं. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे ‘दोन दिवस पुढे ढकला’ म्हटलं की ती पावणेदोन तासांनी उन्हात जाते. हणजूण-वागातोरला जांभ्याच्या कड्याखाली बसू नका, लाटांनी तो खालून पोखरलेला असतो. कालवांनी पाय कापतात, तेव्हा चपला नकोत, बूट हवेत.

उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत. तिथे सकाळी लवकर जायचं कारण नुसतं ऊन नाही. तिरप्या उजेडात बैलांच्या रेघा उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सपाट होतात. त्यांत खडू भरणं, पाणी ओतणं, वर उभं राहणं चालणार नाही.

दगड उचलण्याबद्दल: मोले आणि नेत्रावळी अभयारण्यांतून खडाही आणायचा नाही, अनमोडचा तो नाइस फक्त पाहायचा. खाणींच्या हद्दीत आम्ही शिरत नाही, बंद खाण असली तरी. बाकी जागी मालकाची परवानगी आम्ही काढतो, आणि एका मुठीत मावेल तेवढंच घ्यायचं. हातोडी चालवताना गॉगल नव्हे, सुरक्षेचा चष्मा.

माणशी तीन लिटर पाणी आम्ही देतो. तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहा. निघण्यापूर्वी पेज किंवा ताक-भात पोटात असू द्या, परतल्यावर कोकम सरबत आमच्याकडून. एप्रिल हा हुर्राकाचाही, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा, हंगाम, ठाऊक आहे. आदल्या रात्री मात्र नको. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून या आणि आम्हालाही सांगा.

पायात गोळे, चक्कर, मळमळ जाणवली की लगेच बोला. सावली, ओलं फडकं आणि ओआरएस बहुधा पुरतं. पण कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. १०८ ला फोन करायचा, अंगावर पाणी ओतून वारा घालत राहायचं, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

मेच्या उत्तरार्धात वळवाच्या सरी येतात. ढगांचा गडगडाट ऐकू आला की सड्यावरून लगेच खाली उतरायचं, सहल अर्धी राहिली तरी. अशा वेळी पुढची तारीख देतो किंवा पूर्ण पैसे परत करतो.