टकटक वाजणारे ‘कोपोग’ आणि हरवलेला ‘ह’

दोन भाषांतले दोन शब्द सारखे वाजले की त्या भाषा बहिणी ठरवून टाकायची घाई फार जणांना असते. हंगेरियनमधले ‘कोपोग’ हे क्रियापद त्यावर चांगला उतारा आहे.

कोपोग म्हणजे टकटक वाजणे. फरशीवर टाचा वाजोत, काचेवर पाऊस वाजो की खोडावर सुतार पक्ष्याची चोच, क्रियापद हेच. ‘कोप’ ही आवाजाची नक्कल. क् आणि प् उच्चारताना हवा क्षणभर पूर्ण अडते नि एकदम सुटते, म्हणून ठोक्याला हे वर्ण शोभतात. पुढचा ‘ओग’ हा प्रत्यय क्रिया पुन्हापुन्हा घडते असे सांगतो. ठोका एकच असेल तर प् दुहेरी होऊन ‘कोप्पॉन’. आपण ‘टकटक’ आणि ‘टक्कन’ यांत हाच फरक करतो. प्रत्ययाचा स्वर धातूच्या स्वराशी जुळतो, त्यामुळे घड्याळाची टिकटिक मात्र ‘केत्येग’.

आता फिनिश भाषेत दार ठोठावणे म्हणजे ‘कोपुत्ता’. हंगेरियन आणि फिनिश खरोखरच एका उरालिक कुळातल्या आहेत. तरीही ही जोडी त्या नात्याचा पुरावा नाही!

कारण ध्वनिबदलाच्या नियमात आहे. मूळ भाषेतला शब्दारंभीचा क् फिनिशने टिकवला. हंगेरियनमध्ये मात्र आ, ओ, ऊ असा मागचा स्वर, म्हणजे जीभ मागे घेऊन उच्चारला जाणारा स्वर, लगेच नंतर आला की त्याचा ह् झाला. मासा: फिनिश ‘काला’, हंगेरियन ‘हॉल’. तीन: ‘कोल्मे’, ‘हारोम’. झोपडी ‘कोता’, घर ‘हाझ’. ए, ई अशा पुढच्या, म्हणजे जीभ पुढे आणून उच्चारल्या जाणाऱ्या स्वरांआधी क् तसाच राहिला. हात म्हणजे ‘कॅसि’ आणि ‘केझ’. कोपोगमधला ओ मागचा स्वर आहे. शब्द वारशाने सरळ आला असता तर सुरुवातीला ह् हवा होता, आणि स्वरांमधल्या एकट्या प् चाही व् व्हायला हवा होता. तसे काहीच झालेले नाही. म्हणजे हा शब्द बदलानंतर घडला, किंवा बोलणाऱ्यांनी खरा ठोका ऐकून तो वेळोवेळी पुन्हा घडवला. व्युत्पत्तिकोश त्याची नोंद ‘ध्वन्यनुकारी’ अशीच करतात.

हंगेरियन ही प्राचीन मेसोपोटेमियातल्या सुमेरियन भाषेची वंशज असल्याचा दावा अजून फिरतो. त्यामागे सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या याद्या आहेत, असा एकही सलग नियम नाही. नाते तपासायचे असेल तर आधी आवाजाचे आणि बाळबोलीचे शब्द बाजूला काढावेत. मग हात, मासा, तीन यांसारखे शब्द घेऊन तोच बदल त्याच परिस्थितीत पुन्हापुन्हा सापडतो का, ते पाहावे.