थिंदला 'गोरा नाही' म्हणणारा जज आला कुठून

भगतसिंग थिंदची केस बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, १९२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिकत्व नाही. पण तो निकाल लिहिणारा जॉर्ज सदरलँड कोण, हे फारसं कोणी बघत नाही. तर हा स्वतःच बाहेरून आलेला! जन्म १८६२ चा, इंग्लंडमधला, आईवडील मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) झाले आणि तान्ह्या पोराला घेऊन युटाला आले, पुढे वडिलांनी तो पंथ सोडला पण.

युटातल्याच प्रोव्होला वकिली, १८९६ ला युटा राज्य झालं तेव्हा तिथल्या पहिल्या विधिमंडळात, आणि तिथे गड्याने खाणकामगारांच्या आठ तासांच्या कायद्याला पाठिंबा दिला. १९०० ला विल्यम किंगला अगदी थोडक्या मतांनी पाडून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, खालच्या सभागृहात गेला, एकच टर्म, मग १९०५ पासून सिनेट. सिनेटर तेव्हा राज्याचे आमदार निवडायचे. १९१६ ला पहिल्यांदा थेट लोकांसमोर मतं मागायची वेळ आली आणि त्याच किंगने याला घरी बसवलं. पण सिनेटमध्ये हार्डिंगशी ओळख झालेली, तो १९२० ला प्रेसिडेंट म्हणून निवडून आला आणि १९२२ मध्ये याला सुप्रीम कोर्टात नेमलं. सिनेटने त्याच दिवशी मंजुरी दिली, हल्लीसारखी आठवडे चालणारी उलटतपासणी नाहीच.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाच्या केसमध्ये याने लिहिलं की गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्राने मानलेला एक वंश), म्हणून तू नाहीस. थिंदचं म्हणणं, मग शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच आहे की. तीन महिन्यांनी सदरलँडने शास्त्र बाजूला ठेवलं, म्हणाला सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा. मला तर ही सरळ पळवाट वाटते. यानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंही सरकार काढून घ्यायला लागलं. थिंदच्या वकिलांमध्ये एक होते सखाराम गणेश पंडित (नाव वाचून आपले कान टवकारतातच), त्यांच्यावरही केस झाली, पण ते मात्र जिंकले.

त्याच १९२३ मध्ये दुसरा निकाल, बायकांसाठीचा किमान वेतनाचा कायदा रद्द. सिनेटमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी हाच माणूस बोलायचा आणि आता म्हणतो, मताचा हक्क मिळून बरोबरी झालीये तर वेगळं संरक्षण कशाला! बरं, नुसता खलनायक म्हणावं तर १९३२ मध्ये अलाबामातल्या कृष्णवर्णीय मुलांना धड वकील न देता फाशी सुनावली होती, ती शिक्षा रद्द करणारा निकाल पण याचाच.

थिंदला नागरिकत्व मिळालं १९३६ ला, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता म्हणून, त्यासाठी आदल्या वर्षी खास कायदा झाला होता. सदरलँड तेव्हा अजून कोर्टातच होता, रिटायर झाला १९३८ ला.