किराणा घरपोच, पण भाडं कुणाच्या खात्यावर?

ॲपवर दोनशे रुपयांचं सामान निवडलं की खाली पंचवीस-तीस रुपये डिलिव्हरी चार्ज दिसतो, आणि बोट तिथंच अडतं. कोपऱ्यावरचा दुकानदार फुकटात पोरगं पाठवतो, मग याला पैसे कशाचे द्यायचे? संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या घरांत हा वाद आता नेहमीचा झालाय. यातला ‘फुकट’ मात्र तपासून घ्यावा लागेल. मराठवाड्यात सामान घरापर्यंत आणण्याचे पैसे कुणी ना कुणी कायमच दिलेत. ते कुठे लिहिले जात होते, आणि कुठे लिहिलेच जात नव्हते, त्याची ही गोष्ट आहे.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या घरी बाजारातून आणायचं सामान फार थोडं असे. तेल, मीठ, चहा, साखर, काडीपेटी, सणावाराला खोबरं. ज्वारी शेतातून बैलगाडीनं दारात यायची, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत नाहीतर पेवात जायची. तूर घरीच जात्यावर भरडली जायची. सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं आणि त्यात धान्याचा वाटा असायचा. बलुतेदार आपलं बलुतं खळ्यावरून न्यायचा. वर्षाचं धान्य एकदाच घरात यायचं, तेही स्वतःच्या नाहीतर मागून आणलेल्या गाडीनं. रोजचं घरपोच काही असेल तर ते गवळ्याचं रतिबाचं दूध.

ही घडी पहिल्यांदा जोरात विस्कटली ती 1972 च्या दुष्काळात. कणग्या रिकाम्या झाल्या, रोजगार हमीच्या कामांवर सुकडी, म्हणजे मदतीचा कोरडा आहार, आली आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोसाठी, म्हणजे तिकडच्या ज्वारीसाठी, इथली ज्वारी पिकवणारी माणसं रेशनच्या रांगेत उभी राहिली. त्या पिढीला मिलोच्या भाकरीची चव विचारून बघा, अजून तोंड वाकडं करतात. दुष्काळ सरला, ज्वारी परत आली. पण 1990 नंतर सोयाबीन पसरत गेलं, विशेषतः लातूर, नांदेड, हिंगोलीकडे, आणि खरिपाची ज्वारी मागे पडली. सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, जातं, कणगीत भरून त्याची भाकरी होत नाही. कापसाचंही तेच. म्हणजे धान्य पिकवणारं घरच धान्याचं गिऱ्हाईक झालं. शहरात आलेल्यांना तर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये क्विंटलभर ज्वारी ठेवायची कुठं हा प्रश्न. वर्षाचं भरणं सुटलं, महिन्याची यादी लांबली, आता तर दोन-दोन दिवसांची खरेदी चालते. घरपोच सामानाचा प्रश्न मला इथून सुरू झालेला दिसतो. मोबाइल बराच नंतर आला.

मधला दुवा म्हणजे मोंढा. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या व्यापाराची गावं रेल्वे आणि मोंढ्याभोवती वाढली. मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला आणि जालना, परभणी, नांदेडचा माल त्यावर चढला. लातूरची गंजगोलाई 1917 ची. मधोमध गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. या मोंढ्यांत माल उचलण्याचे पैसे कधी झाकलेले नव्हते. शेतकऱ्याच्या हातात आडत्याची, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाची, हिशेबाची पट्टी पडते त्यात हमाली वेगळी, तोलाई वेगळी. पाठीवर पोतं घेणाऱ्याची मजुरी आणि सोयी-सवलती यांसाठी महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला. म्हणजे ओझं उचलण्याला दाम असतो हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. ती ओळ पट्टीत दिसली की तो कुरकुरेल, पण तिला लूट म्हणणार नाही.

किराणा दुकानात मात्र ही ओळ गायब होती. नांदेड-परभणीकडे ज्याला आजही ‘सावकार’ म्हणून हाक मारतात, त्या दुकानदाराकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी जायची. शाळेच्या वहीचं फाटकं पान, वर ‘श्री’, खाली तूरडाळ 5 किलो, शेंगदाणे 2 किलो, गूळ एक भेली. सावकार कानावरचं पेन काढून एकेका ओळीवर बरोबरची खूण करत जायचा. नोकर वर्तमानपत्राच्या कागदात पुडे बांधायचा, दोरा वरच्या रिळातून ओढून दातानं नाहीतर झटक्यानं तोडायचा. संध्याकाळी पोतडं सायकलच्या कॅरिअरवर बांधून पोरगं दारात हजर. पैसे वहीत. ते पगार झाला की, नाहीतर कापूस विकला की.

या व्यवहारात भाव विचारायची पद्धत नव्हती. उधारीच्या गिऱ्हाइकानं तर नाहीच. पोराची मजुरी, महिनाभर अडकलेल्या पैशाचं व्याज, बुडीत जाणाऱ्या खात्यांची भरपाई, सगळं त्या न विचारलेल्या भावात बसवलेलं असायचं. 1990 साली वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा नियम आला, तेव्हापासून साबण-बिस्किटांवर छापील किमतीच्या वर घेता येईना. सुट्या मालाला ती भीती नव्हती. आजही दुकानदाराचा खरा जीव डाळ, शेंगदाणा, गूळ, सुट्या मसाल्यांत असतो, आणि माझ्या मते पोरगं ‘फुकट’ पाठवणं परवडतं ते या मालाच्या जोरावर. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. डाळीला कीड निघाली तर तोच सावकार न बोलता बदलून द्यायचा, आणि मयताच्या घरी तेरावा होईपर्यंत वहीचा विषय काढायचा नाही, हेही त्याला कळायचं.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. पैसे देऊन वस्तू दारात मागवायची सवय इथं किराण्याच्या आधी पाण्यानं लावली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच्या आधी आणि नंतरही उन्हाळ्यात टँकर आणि वीस लिटरचे जार हा घरखर्चातला कायमचा आकडा. जारवाला पाण्याचे किती घेतो आणि जिना चढण्याचे किती, असं कुणी फोडून विचारत नाही.

ॲपवाल्यांची गोष्ट बाहेरची आहे आणि थोडक्यात सांगता येते. बिगबास्केट 2011 साली बंगळुरूत सुरू झालं. ग्रोफर्स 2013 चं, तेच 2021 अखेरीस ब्लिंकिट झालं आणि पुढच्या वर्षी झोमॅटोनं विकत घेतलं. यूपीआय 2016 साली आलं, त्यामुळे दारात सुट्टे शोधायची कटकट मिटली. स्विगीचं इन्स्टामार्ट 2020 चं, झेप्टो 2021 चं. वस्तीच्या दोन-तीन किलोमीटरवर गिऱ्हाइकाला बंद असलेलं गोदाम थाटायचं आणि तिथून दुचाकीस्वार सोडायचा, ही त्यांची रीत. तिला दाट वस्ती आणि दिवसभर चालू राहणाऱ्या ऑर्डरी लागतात. म्हणून मोठी शहरं आधी, तालुक्याची गावं शेवटी.

मराठवाड्यात खरं वळण दिलं कोरोनानं. औरंगाबादेत जुलै 2020 मध्ये आठवडाभर कडक टाळेबंदी झाली. एप्रिल 2021 मध्ये राज्यभर किराणा दुकानांना सकाळी सात ते अकरा एवढीच मुभा होती, घरपोच सेवेला मात्र संध्याकाळपर्यंत. दुकानदारांनी यादीचे फोटो व्हॉट्सॲपवर घ्यायला सुरुवात केली ती तेव्हा. साठी ओलांडलेल्या सावकारानंही पोराकडून क्यूआर कोड लावून घेतला.

त्याच सुमारास कायद्यानंही हात घातला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी एकूण रक्कम आणि तिच्यातली डिलिव्हरी, हाताळणीची फोड दाखवणं सक्तीचं केलं. नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी शेवटच्या पायरीवर पैसे वाढवणं आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, या दोन्हींना अनुचित ठरवलं. तरीही ‘हँडलिंग’, ‘छोटी ऑर्डर’, ‘पाऊस’ अशा नावांनी ओळी वाढतातच. बिल खालून वर वाचायची सवय लावलेली बरी.

मग पैसे द्यावेत का? ओझ्याकडे बघा. तेलाचा पंधरा किलोचा डबा, दहा किलो गहू, डाळी असं तिसऱ्या मजल्यावर येत असेल आणि लिफ्ट नसेल, तर तीस रुपयांत मोंढ्यातला हमाल विचारूनही मिळणार नाही. दुधाची पिशवी आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठी तेच तीस रुपये म्हणजे पैशाला पाय फोडणं. फी वाचवायला म्हणून नको असलेलं नमकीन टोपलीत टाकणं त्याहून वाईट. पोरं पुण्यात आणि आई-वडील लातूर-परभणीत, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांनी तिकडून मागवून इकडे पोचवलं तर फी बघत बसू नये. आणि ज्याचं घर पेरणीपासून सोयाबीन विकेपर्यंत उधारीवर चालतं, त्याला ॲप परवडत नाही. फी किती आहे हा त्याच्यासाठी प्रश्नच नाही, ॲपकडे वही नाही.

दुकानदारही आता बदलतोय. ‘हजाराच्या वर फुकट, खाली असेल तर वीस रुपये,’ असं काही जण यादी घेतानाच सांगून टाकतात. जुनी गिऱ्हाइकं त्यावर रुसतात. पोराला दिवसाची रोजी द्यावी लागते आणि पेट्रोल वेगळं, असं सावकाराचं म्हणणं. मग त्यानं सुट्या डाळीचा भाव किती उतरवला, हेही एकदा विचारून बघायला हवं.