पार्श्वभूमी: रवांडाचा रेडिओ आणि न उच्चारलेले दोन शब्द

रवांडात 1994 मध्ये हुतू कट्टरवाद्यांनी तुत्सी समाजाचा जो संहार केला, त्यात रेडिओने काय केले, ते नव्याने सांगायला नको. निकालाची गोष्ट मात्र बरेचदा अर्धीच सांगितली जाते. या संहाराचे खटले चालवणाऱ्या, टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये माध्यमे चालवणाऱ्यांना दोषी ठरवले. 2007 च्या अपिलात ‘आरटीएलएम’ या कुप्रसिद्ध रेडिओ केंद्रावरचा चिथावणीचा ठपका 6 एप्रिल 1994 नंतरच्या प्रसारणापुरताच उरला. संहार सुरू होण्याआधीच्या ज्या महिन्यांत तुत्सींना उद्देशून ‘झुरळं’ हा शब्द गाण्यांच्या मधेमधे ऐकून सवयीचा होत गेला, ते महिने सुटले.

शेजारच्या बुरुंडीत 1995 मध्येच एका स्वयंसेवी संस्थेने रेडिओ स्टुडिओ उभारला. एक हुतू, एक तुत्सी अशी वार्ताहरांची जोडी एकाच घटनेमागे धाडायची, ही तिथली रीत. कोण कुठला हे लपवायचे नाही. उलट एकाने दुसऱ्याचे ऐकलेले तपासून घ्यायचे.

रवांडात 2004 मध्ये सुरू झालेली ‘मुसेकेवेया’ (नवी पहाट) ही समेटावरची रेडिओ मालिका बरोबर उलट्या वाटेने गेली. भेदभाव आणि फुटीरपणाविरुद्धचा 2001 चा कायदा डोक्यावर होता, आणि ‘आता सगळे फक्त रवांडन’ ही सरकारची भूमिका होती. मग ‘हुतू’ आणि ‘तुत्सी’ हे शब्द गाळून बुमान्झी आणि मुहुमुरो ही काल्पनिक गावे रचली गेली. मधल्या दलदलीची सुपीक जमीन एकाच गावाच्या वाट्याला, मग टंचाई, मग हल्ला, आणि या सगळ्यात दोन गावांतल्या तरुण-तरुणीचे प्रेम. रोख कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळतच होते. तरी प्रश्न उरतोच: ज्या शब्दांवरून माणसे मारली गेली, ते शब्द टाळून समेटाची भाषा कितपत खरी? आडपडद्यामुळे लोक निदान ऐकत तरी बसले, हे मान्य. पण त्याच पडद्याने सत्ताधाऱ्यांचीही सोय झाली, हे मालिकेचे कौतुक करणारे सहसा बोलत नाहीत.

वर्षभर काही गटांना ही मालिका आणि काहींना आरोग्यावरची मालिका ऐकवून एक अभ्यास झाला. स्वतःची मते फारशी हलली नाहीत; समाजात काय चालते याबद्दलचा अंदाज बदलला. शेवटी प्रत्येक गटाला कॅसेट प्लेअर आणि टेप भेट मिळाले. आरोग्याची मालिका ऐकलेल्यांत ते गावच्या पुढाऱ्याकडे ठेवायचे, असे एकाने सुचवले की विषय संपे. ‘मुसेकेवेया’वाले वाद घालत बसले: सगळ्यांनी मिळून वापरायचा कसा, सांभाळायचा कोणी.