शिकागो ते चार्ल्स्टन: अमेरिकी मतदाराचा वंश आणि पक्ष

यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय मतदारापुढे पक्षाची निवड अशी नव्हतीच. गुलामगिरी संपवणारी तेरावी, नागरिकत्व देणारी चौदावी आणि मताधिकाराची १८७० ची पंधरावी घटनादुरुस्ती लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाने घडवून आणली होती, तर दक्षिणेतला डेमोक्रॅटिक पक्ष जुन्या मळेवाल्यांचा आणि गोऱ्या वर्चस्वाचा होता. १८७७ मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतला लष्करी पहारा उठवला, आणि पुढे मतदान कर, साक्षरतेची परीक्षा व उघड दहशत यांच्या जोरावर तो मताधिकार कागदावरच उरला. उत्तर कॅरोलिनाचे जॉर्ज व्हाइट यांची मुदत १९०१ मध्ये संपल्यावर २८ वर्षे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता.

ही कोंडी उत्तरेत, शिकागो येथे फुटली. दक्षिणेतून स्थलांतर करून आलेल्यांच्या दाट वस्तीतून १९२८ मध्ये रिपब्लिकन ऑस्कर डी प्रीस्ट निवडून आले, आणि मंदी नसती तर ती जागा त्यांच्याकडे दीर्घकाळ राहिली असती असे मानायला हरकत नाही. मात्र डेमोक्रॅटिक अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मंदीकाळातील मदत योजनांना त्यांनी विरोध केला. १९३४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांच्यासमोर आर्थर मिचेल यांना उभे केले. उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक खरे तर हॅरी बेकर या गोऱ्या उमेदवाराने जिंकली होती. त्यांचे निधन झाल्याने उमेदवारी मिचेल यांच्याकडे आली. मिचेल स्वतः पूर्वाश्रमीचे रिपब्लिकन, आणि डी प्रीस्ट यांच्यासारखेच कृष्णवर्णीय. वंशाचे पारडे दोन्हीकडे सारखेच असल्याने त्या निकालात पक्षबदल स्वच्छ दिसला: मिचेल जिंकले आणि काँग्रेसमधले पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट ठरले. दोनच वर्षांनी रूझवेल्ट यांना देशभरातील सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय मते मिळाली.

तरीही ही निष्ठा तीन दशके पातळच होती. १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांना जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय मते पडली. १९६४ मध्ये नागरी हक्क कायद्याविरुद्ध मतदान केलेले बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि तो वाटा सहा टक्क्यांच्या आसपास घसरला. त्याच निवडणुकीत गोल्डवॉटर यांनी ॲरिझोना या स्वतःच्या राज्याशिवाय जिंकलेली पाचही राज्ये खोल दक्षिणेतली होती. गोऱ्या दक्षिणेने पक्ष बदलायला सुरुवात केली होती, आणि पक्षाचे नाव घेताच मतदाराच्या डोळ्यांसमोर एक वंशही उभा राहू लागला.

पक्षनिष्ठेची कसोटी गोऱ्या मतदारांनाही द्यावी लागली, आणि ती पुन्हा शिकागोतच. १९३१ पासून त्या शहरात रिपब्लिकन महापौर झाला नव्हता. १९७९ मध्ये रिपब्लिकन उमेदवाराला १६ टक्के मते होती. १९८३ च्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांच्यात गोरी मते विभागली आणि कृष्णवर्णीय हॅरॉल्ड वॉशिंग्टन उमेदवार ठरले. एरवी तिथेच निकाल लागला असे शहर धरून चालले असते. पण अनेक डेमोक्रॅटिक वॉर्डप्रमुखच उघडपणे किंवा आतून गोरे रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्या बाजूला गेले, आणि ‘फार उशीर होण्यापूर्वी’ ही एप्टन यांची प्रचारघोषणा कशाबद्दल आहे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. माजी उपाध्यक्ष मॉन्डेल यांच्यासह वॉशिंग्टन वायव्य भागातील सेंट पास्कल चर्चमध्ये गेले, तेव्हा बाहेर जमावाने हुर्यो उडवली आणि चर्चच्या दारावर वंशद्वेषी शिवी रंगवलेली होती. वॉशिंग्टन सुमारे ४८ हजार मतांनी जिंकले. एप्टन यांना ४८ टक्के मते पडली. चार वर्षांत १६ वरून ४८ टक्क्यांवर झालेली ही उडी पक्षकार्याने झाली, असे त्या शहरातला कोणीही म्हणणार नाही.

मात्र पुढच्या काळात उलट उदाहरणेही तितकीच बोलकी आहेत. २००६ मध्ये मेरीलँडमधील कृष्णवर्णीय रिपब्लिकन मायकल स्टील यांच्याऐवजी बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदारांनी गोरे डेमोक्रॅट बेन कार्डिन यांना पसंती दिली. २०१० मध्ये कृष्णवर्णीयबहुल मेम्फिसमध्ये माजी महापौर विली हेरेंटन यांनी ‘राज्यातून एक तरी आपला’, म्हणजे काँग्रेसमध्ये एक तरी कृष्णवर्णीय सदस्य हवा, या मुद्द्यावर पक्षांतर्गत निवडणूक लढवली. तेथील मतदारांनी विद्यमान गोरे खासदार स्टीव्ह कोहेन यांनाच मोठ्या फरकाने कौल दिला. पक्ष दोघांचा एकच असतानाही तसे घडले, म्हणून मला हे उदाहरण मेरीलँडपेक्षा महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षी चार्ल्स्टनभोवतीच्या दक्षिण कॅरोलिनाच्या पहिल्या मतदारसंघात पक्षांतर्गत निवडणुकीत गोऱ्या रिपब्लिकन मतदारांनी टिम स्कॉट या कृष्णवर्णीय उमेदवाराला निवडले, आणि त्यांच्यासमोर हरले ते वंशभेदाचे कट्टर समर्थक राहिलेले स्ट्रॉम थर्मंड यांचे चिरंजीव पॉल थर्मंड.

त्याच पहिल्या मतदारसंघाच्या सीमा पुढे सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. राज्याच्या विधिमंडळाने चार्ल्स्टनमधील सुमारे ३० हजार कृष्णवर्णीय मतदार मतदारसंघाबाहेर काढले होते. पक्षीय फायद्यासाठी सीमा आखल्याच्या तक्रारी केंद्रीय न्यायालये ऐकणार नाहीत, हे २०१९ मध्येच ठरले होते. वंशाच्या आधारे आखणी करण्यास मात्र राज्यघटनेची मनाई आहे. आम्ही वंश नव्हे, पक्ष पाहिला, असा विधिमंडळाचा बचाव होता. मे २०२४ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी विधिमंडळाची बाजू घेतली आणि वंशाचा हेतू पक्षीय हेतूपासून वेगळा काढून दाखवण्याची जबाबदारी तक्रारदारांवर टाकली.